झुझूच्या घोरण्यावर माझे उपाय

३ जून, दुपारी ३
आजपासून झुझूचं घोरणं बंद. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलंय मी. आमच्या बुर्ज हम्मूद वस्तीतले अर्धे लोक मला अजून ‘डॉक्टर बेदरोस’च म्हणतात. एका पग कुत्रीचं नाक ते काय! दुपारची झोप पार गेलीय माझी. कुत्री माझ्या बायकोची, आराक्सीची. मला कुत्री कधीच आवडली नाहीत. हिवाळ्यात बायको गेली आणि हे इंजिन मागे ठेवून गेली, एवढंच.

५ जून
नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. झुझू शिंकली, मला चावली, मग माझ्याच उशीवर पडून घोरली. निष्कर्ष: थेंब लागू पडतायत, वेळ लागेल.

९ जून
वरच्या मजल्यावरून मेव्हणी आली, झाबेल. म्हणे, "भावोजी, तुमच्या घोरण्याने माझ्या कपाटातल्या बश्या वाजतात हो." घोरते ती कुत्री, मी नव्हे, हे स्पष्ट केलं. म्हणाली, "मग तिला डॉक्टरला दाखवा." म्हटलं, "रोज बघतोय की मी." हसली नाही.

१२ जून
झाबेलच्या समाधानासाठी जनावरांच्या डॉक्टरकडे. नायरी नाव. आम्हाला मुलगी असती तर एवढीच असती. म्हणाली, "काका, हिचं तोंड चपटं, नाकपुड्या बारीक, टाळू लांब. हवेला आत जायला जागाच नाही. त्यात वजन अकरा किलो. तीन किलो उतरवा. गळ्यातला पट्टा काढा, छातीचा घाला. फिरायला पहाटेच न्या, उन्हात अजिबात नाही. आणि नाकपुड्यांचं एक छोटंसं ऑपरेशन करून टाकू."
छोटंसं! आराक्सीच्या वेळीही हाच शब्द होता. विचार करतो म्हणालो आणि निघालो.

१३ जून
डाएट सुरू. फक्त उकडलेली कोंबडी.
संध्याकाळी थोडा बस्तुर्मा. वाळवलेलं मांस, त्यात पाणी नसतं. वजन वाढायचा प्रश्नच नाही.

२० जून
अकरा किलो दोनशे. काटा जुना झालाय.

२७ जून
छातीचा पट्टा आणला नाही. गळ्यातला लाल पट्टा आराक्सीने हाताने शिवलाय. एक भोक सैल केलं, पुरे.
नायरीचा फोन. ऑपरेशनची तारीख देऊ का? म्हटलं, म्हातारी आहे, झेपायचं नाही. "काका, ती चार वर्षांची आहे." लाइन खराब आहे म्हणून ठेवून दिला.

८ जुलै
सकाळपासून वीज नाही, गल्लीला वीज विकणाऱ्या जनरेटरवाल्यानेही दुपारी पुरवठा बंद केला. झुझू फरशीवर पसरलेली. आता जागेपणीही घोरते. झाबेल दारात: "भावोजी, तिच्या जिभेचा रंग तरी बघा. ऑपरेशन करून घ्या, मी येते सोबत."
या घरात ऑपरेशनचं नाव काढायचं नाही, मी बजावलं.
ती म्हणाली, "ताई ऑपरेशनने नाही गेली. सहा महिने तुम्ही तिला दुकानातल्या गोळ्याच देत बसलात."
दार लावून घेतलं. दुःखात माणूस काहीही बोलतो.

९ जुलै, सकाळी ११
ठरलं. ऑपरेशनशिवाय करून दाखवतो. रोज एक तास चालणं. पहाटे जाग आली नाही, पण ते एका अर्थी बरंच. घामाने चरबी लवकर उतरते. बारा वाजता निघतो.

९ जुलै, दुपारी ४
पुलापर्यंत छान चालली. मग बसली. मी पट्टा ओढला. लाड करायचे नाहीत असं ठरवलं होतं. उठली, दहा पावलं आली, आडवी झाली.
उचलून नायरीकडे पळत गेलो. तिने ऑक्सिजन लावला, अंगावर पाणी ओतलं. वीस मिनिटांनी झुझूचा श्वास थांबला.
हात धुता धुता नायरीने विचारलं, "काका, एवढ्या उन्हात हिला बाहेर कोणी नेलं?"
"मोलकरणीने," मी म्हणालो.
"तिला सांगितलं नव्हतंत?"
"सांगितलं होतं. ऐकतच नाही."
आमच्याकडे मोलकरीण कधीच नव्हती.