खुर्चीच्या हातावरचे सिंह

प्रिय अ‍ॅलिस,

देवाची कृपा तुम्हा सगळ्यांवर राहो.

अक्षर माझ्या खोलीतल्या बेसिलचं आहे, म्हणून घाबरू नकोस. पटाशी लागून माझा अंगठा कापलाय, एवढंच. डॉक्टर म्हणाले, पहिल्यासारखा वळणार नाही. पण दुखत नाही गं.

इथे बहारीनमधल्या रिफाच्या एका बंगल्यासाठी युरोपातल्या जुन्या राजांची असायची तशी उंच पाठीची खुर्ची मी घडवत होतो. तिच्या दोन्ही हातांवर सिंह होते. आमच्या वर्कशॉपचा मालक म्हणाला, "खलास, निकोलस. कोरीवकाम दुसरा करेल, तू पॉलिश मार."

आज तो दुसरा माझ्या सिंहांचे डोळे कोरत होता. मी पटाशी उचलून पाहिली, ती हातात राहिली नाही.

आपल्या बेनिटाचा खोकला थांबला का? आईला काय सांगायचं ते तूच ठरव.

तुमच्या आठवणीत,
निकोलस