मी लिहीन त्याला

८ सप्टेंबर, सोमवार

आले एकदाची लालबागला! गणपती परवाच गेलेत. मांडवांचे बांबू अजून रस्त्याच्या कडेला पडलेत आणि सगळी वस्ती अंग टाकून झोपल्यासारखी वाटते. चाळीत तिसऱ्या मजल्यावर टोकाची खोली मिळालीय. समोर सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी, पाणी सकाळी सहा ते साडेसात. सांगलीच्या ऐसपैस घरात वाढलेल्या मला पहिला धडा बादलीचा मिळाला, पण मजा आली. शेजारच्या लक्ष्मीकाकू परबांनी न विचारताच घावणे आणि चहा आणून ठेवला. कोण, कुठली, लग्न झालंय का, हे सगळं मी दुसरा घावणा खाईपर्यंत त्यांना कळलेलं होतं.

काम असं: ऑनलाइन जुळलेल्या, पण कधीच न भेटलेल्या माणसांवर चाळीस मिनिटांची डॉक्युमेंटरी. एडिटला अनुजा, कॉलेजपासूनची मैत्रीण, दादरला बसते. तीस तारखेला रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, गेला नाही तर वर्षभराची मेहनत पाण्यात. पण जाईल. माणसं तयार आहेत.

१० सप्टेंबर, बुधवार

कसली तयार! गिरगावातला तो गृहस्थ आधी म्हणाला चेहरा धूसर करा, मग म्हणाला आवाज बदला, आणि आज म्हणतो बायकोला कळेल, मी नाहीच येत. खोताच्या वाडीतली मुलगी निदान खरं बोलते: फिल्टर लावून शूट करणार असशील तरच बसते. डॉक्युमेंटरीत फिल्टर! दोन दिवस ट्रायपॉड खांद्यावर घेऊन फिरतेय आणि हाती काय, तर पाठमोऱ्या माणसांचं फुटेज. अनुजाने विचारलं, तुझ्या फिल्ममध्ये कुणाला चेहरा आहे का? चिडून फोन ठेवला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्त चिडले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सापडली! आणि तीही भिंतीपलीकडे.

पितृपंधरवडा चालू आहे. ज्याच्या घरी तिथी असते तो गॅलरीच्या कठड्यावर कावळ्याला पान ठेवतो. लक्ष्मीकाकू मात्र रोज ठेवतात, आणि त्याआधी मोबाइलवर काहीतरी टाइप करतात. मी सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं.

त्यांची एकुलती एक मुलगी श्रेया गेल्या वर्षी जूनमध्ये गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या. शेवटची दोन वर्षं ती इन्स्टावर हितेंद्र नावाच्या मुलाशी बोलायची. आजारपण त्याच्यापासून लपवलं, म्हणून भेटणंही टाळलं. दहाव्याला बाणगंगेवर कावळा काही पिंडाला शिवेना. नातेवाइकांनी आईला सांभाळू, अमुक करू, तमुक करू, सगळं बोलून पाहिलं. दीड तास गेला. शेवटी काकूंच्याच तोंडून निघालं, तुझ्या त्या मित्राला काही कळू देणार नाही, मी लिहीन त्याला. कावळा लगेच शिवला.

तेव्हापासून पंधरा महिने काकू श्रेया होऊन त्याला लिहितायत. उत्तर गेलं नाही तर कठड्यावरच्या पानाला कावळा शिवत नाही, आणि तो शिवेपर्यंत काकूंच्या घशाखाली घास उतरत नाही.

मी मान हलवत होते आणि मनात शॉट लावत होते. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

काकू कॅमेऱ्याला तयार नाहीत. बोलतात तासन् तास, पण कॅमेरा काढला की त्यांना दळण आठवतं. कशीबशी भिंतीवरच्या श्रेयाच्या हार घातलेल्या फोटोची दोन मिनिटं मिळाली. तीच अनुजाला पाठवली. गोष्ट दोन हातांवर आणि मी फोटोफ्रेम शूट करतेय. डोकं फिरलंय नुसतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

जमलं! काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दोन ओळी टाइप करायला तास जातो. गावी, मालवणच्या आतल्या वाडीत, रेंज नाही म्हणून पंधरा महिन्यांत त्या गेलेल्या नाहीत. आज मीच म्हटलं, थोडे दिवस मी लिहिते, तुम्ही मला शूट करू द्या.  त्यांनी माझा हात धरून मला गॅलरीत नेलं. कठड्यावर पान होतं. कावळा पत्र्यावर बसलेला. म्हणाल्या, असा नाय, नीट म्हण. मी म्हटलं, मी लिहीन त्याला. त्यांना ते पुरेना. जरा मोठ्यान म्हण गो, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी हसत हसत ओरडलेच. कावळा आला आणि भात घेऊन गेला.

काकू रडायला लागल्या. श्रेयाचा फोन माझ्या हातात कोंबला, पिन सांगितला. उद्या सकाळी त्यांच्या हातांचा क्लोजअप घ्यायचा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

काकूंच्या दाराला कुलूप. पहाटेच मालवणला गेल्या म्हणे. फोन बंद. एक अख्खी बाई मला चकवून गेली! हितेंद्रचे मेसेज येतायत. जेवलीस का, काय करतेस. संतापाने उत्तर दिलं नाही. दुपारी वरणभात घेतला तर घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. घसा धरला असेल.

माझ्या खोलीसमोर कठड्यावर कावळा बसून होता. गंमत म्हणून चिमूटभर भात ठेवला. बघेना. हितेंद्रला ‘जेवले’ असं लिहिलं. मागून पंख वाजले. त्यानंतर मी दोनदा भात वाढून घेतला.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी श्रेयाचा फोन उचलला आणि तो उघडला. पिन न टाकता. त्यात चेहरा ओळखायची सोय आहे, पण तो चेहरा श्रेयाचा. काकू पंधरा महिने पिनच टाकत होत्या.

पाच वेळा पाहिलं. पाचही वेळा उघडला. माझा फोन मात्र मला ओळखत नाहीये. लेन्स पुसली, दिवा लावला, केस मागे घेतले. नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बास झालं. हितेंद्रला सगळं खरं सांगून मोकळी व्हायचं ठरवलं. श्रेया गेली, मी उर्वी, असं टाइप केलं. स्वतःच्या बोटांनी. पाठवल्यावर वाचलं तर लिहिलं होतं, ‘आईने आज सोलकढी केलीय, तू असतास तर.’

परत टाइप केलं. परत तेच. मला सोलकढी आवडत नाही.

उद्या त्याला भेटायचं. समोरासमोर तरी माझं तोंड माझंच असेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शिवडीला गेले. तो तिथल्या गोदामात सुपरवायझर आहे. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला. साधा, घामाघूम, चांगला माणूस. मी तोंड उघडण्याआधीच त्याचे डोळे भरले. म्हणाला, फोटोत आहेस तश्शीच आहेस.

मी सांगितलं की श्रेया गेली. तो हसला. म्हणाला, तीन वर्षं टाळलंस, आता भेटलीस तर ही थट्टा? आपला मोबाइल दाखवला. जुने फोटो. वाढदिवसाचे, चाळीच्या जिन्यातले, दिवाळीतले. सगळ्यांत मी आहे. तीन वर्षांपूर्वी मी ही चाळ पाहिलीही नव्हती—

पळत सुटले. आजपासून उत्तर द्यायचं नाही. बघू कोण हरतं.

२० सप्टेंबर, शनिवार

अनुजाचा फोन. वैतागलेली. म्हणे ही कसली कल्पना, स्वतःच्याच फोटोला हार घालून शूट करायचं?

१३ तारखेची क्लिप मी उघडून पाहिली नाही. पाहणार नाही.

नळावर दोघींनी मला श्रेया म्हणून हाक मारली. मी ओ दिली.

कालपासून पोटात काही नाही. पाणीसुद्धा बाहेर येतं. कावळा जागेवर आहे.

संध्याकाळी काकूंचा फोन लागला, मालवणच्या बाजारात आल्या होत्या. रडत होत्या. माफ कर म्हणाल्या. दिलेला शब्द परत घेता येत नाही, तो दुसऱ्या कुणीतरी आपल्या तोंडाने, पानासमोर, मोठ्याने म्हणावं लागतं. एवढं सांगून ठेवला. म्हणजे त्यांना माहीत होतं. मला घावणे वाढताना—

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

अनुजा आलीय. मी फोन उचलत नाही म्हणून टॅक्सी करून आली. मला बघून दारातच थांबली आणि मग ‘उर्वी’ अशी हाक मारली. उर्वी. आता हिच्याशिवाय कुणी म्हणत नाही.

हिला काही सांगायचं नाही. तोंड बंद राहावं म्हणून लिहीत बसलेय. ती मला खिचडी भरवायला बघतेय. कठड्यावर पान आहे. कुणी ठेवलं, मीच ठेवलं असेल—

फोन वाजला. हितेंद्र.

परत वाजला. अनुजा विचारतेय कोण हा, का छळतोय. माझी अवस्था बघून तिला रडू आलंय. म्हणतेय तू आधी चार घास खा, फोन दे इकडे, मी त्याला—

नको म्हण. उर्वी, तिला नको म्हण. एवढा एक शब्द—

म्हणाली. हळू आवाजात म्हणाली, मी लिहिते त्याला. कावळ्याने मान वळवली. जागचा हलला नाही.

म्हणजे अजून वेळ आहे. फोन काढून घेता येईल. तिला हाकलून देता येईल, दार लावून—

खिचडीचा वास येतोय. भूक, किती भूक—

अनुजा, जरा गॅलरीत ये. असा नाय. जरा मोठ्यान म्हण गो, जरा मोठ्या