उघडं की बंद

प्रिय सवे,

चिठ्ठी बघून हसशील. म्हनशील, फोन करायचा सोडून आईनं टेम्पोवाल्या अजिनाथाच्या हाती कागद का धाडला. मोबाईल मी ज्वारीच्या कोठीत तळाला पुरून ठिवलाय. तिथनंबी मधनंच टुंग करून वाजतोय. का ते सांगते. पन जावयाला वाचून दाखवू नको, मला चिडवायला त्याला तेवढंच निमित्त हुतं.

घरी बसून मोबाईलवरचं काम धरायचं म्हनतीस. तीन कामं सांगितलीस मला. टायपिंगचं, पोरांना गनित शिकवायचं, आनि मी करते ते फोटूचं. मीच मिरवून सांगितलं हुतं की फोटूचं घे, लई सोपं हाय. सोमवारी नाव घालते म्हनालीस. जरा थांब, हे पुरतं वाच.

सोपं हाय हे खरं. घरांचे फोटू येत्यात, खाली दोन चौकोन, उघडं आनि बंद. दार बघायचं अन् बोट टेकवायचं. मशिनीला शिकवत्यात म्हनं. सातवी शिकलेली भागूबाई मशिनीची मास्तरीन झाली, असं मी सगळ्या गल्लीत सांगून आले. पन शिंगनापूरच्या बाईला दाराचं काम देनारा कोन शहाना असंल? आपल्या चौकटींना दारंच न्हाईत. लग्नानंतर सावेडीच्या घरात तुला आतनं कडी लावता येईना, सासू किती हसली हुती, आठवतं का?

पैले फोटू लांबलांबच्या गावांचे हुते. मग दिवाळीनंतर एक दिवस आपलंच घर आलं. तुळस, मोकळी चौकट, माजी फुटकी बादली. दुसऱ्या कुनीबी उघडं दाबलं असतं. पन आपल्यात चौकट मोकळी असली तरी घर बंदच धरत्यात, देवाची राखन हाय. मी बंद दाबलं. चार दिवसांनी शेजारच्या गोजरबाईचं घर आलं. तिची खोडी काढायची म्हनून उघडं दाबलं.

दुसऱ्या दिवशी ती शेतातनं आली, तर घरात कोनतरी येऊन गेल्तं. काय नेलं न्हाई. रांजनातलं पानी पिऊन तांब्या चुलीच्या कडंला पालथा घातला हुता, राख लागंल असा. तीस वर्सं मी ह्याच सवयीवरनं कुनाशी भांडले ते तुला ठाव हाय. तुजे नाना जाऊन आता तीन वर्सं हुत्याल.

खरं सांगते, मी भ्याले न्हाई. मला राग आला. मानूस इतक्या दिसांनी आलं ते गोजरबाईकडं. मग ध्यानात आलं, आपलं घर बंद हाय असं मीच सांगून बसले, आनि एकदा दिलेलं उत्तर मला फिरवता येत न्हाई. कंपनीला तीनदा लिवलं, की ह्ये फोटू कोन काढतंय. उत्तर न्हाई. फोटू मात्र येतच राह्यले.

तवापासनं रोज तिन्हीसांजेला आपल्या पायरीवर कोनतरी बसतं. दिसत न्हाई, पन धूळ दबते, कुत्रं त्या अंगाला फिरकत न्हाई, आनि त्यांच्या तंबाखूचा वास येतो. उंबऱ्याच्या आत येत न्हाई. मी भाकरी थापता थापता बोलायचे. आज पिठात मीठ जास्ती झालं, तुमची लेक नोकरी शोधतीय, असलं कायबाय. बरं वाटायचं गं. घरात मानूस असल्यागत.

परवा मी चौकटीपाशी गेले आनि म्हनाले, “काय वो, गोजरबाईचं पानी लई ग्वाड लागलं का?”

सवे, तुज्या नानांनी माजी एक थट्टा कदी उधार ठिवली न्हाई. दवाखान्यात नाकात नळी हुती तवाबी नर्सपुढं मला परत टोला हानला त्यांनी. मी दोनदा विचारलं. पायरीवरनं कायच आलं न्हाई. नुसता तंबाखूचा वास चौकटीला आनखी जवळ सरकला.

म्हनून ही चिठ्ठी. तू फोटूच्या कामाला नाव घातलंस की एक दिवस आपलं घर तुज्याम्होरं येईल. आईचं घर बघून हरखशील. तुला आता कडीकुलपाची सवय लागली, मोकळी चौकट बघशील आनि खरं तेच, उघडं दाबशील. नको बाई. पोरांना शिकवायचं घे. तिथं पलीकडनं पोरगं चुकीचं का हुईना, उत्तर तरी देतं. जिथं विचारल्यावर कुनी उत्तर देत न्हाई, त्यांचं काम आपल्याला नको. मी नानांसंगं बोलत हुते असं मला वाटत हुतं, आनि तुजं नाव, तुजी नोकरी, सोमवारी नाव घालनार ते, सगळं मीच त्या पायरीवर सांगून बसले. बसलंय ते नाना न्हाईत. ते सोमवारची वाट बघतंय.

तुजीच,
घर बंद धरून बसलेली
आई