सँडविकमध्ये कोणीही खोकत नाही

सँडविक, मंगळवार, भर फेब्रुवारी

तीर्थस्वरूप लाउगाताईच्या चरणी,

धाकटा बंधू थोरवाल्ड याचा साष्टांग नमस्कार (साष्टांगास लागणारी कंबर आता शिल्लक नाही, अंथरुणातूनच घातला आहे असे समजावे). विनिपेगात उभयता सकुशल असाल आणि भावजींचा गुडघा थंडीशी सलोख्याने वागत असेल, अशी आशा आहे. येथे सरोवर काठोकाठ गोठले असून, आई वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षीही वृद्धनिवासातील परिचारिकांना शिस्त लावीत आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या फुप्फुसांनी आपणा दोघांना काय दाखविले, ते तू विसरली नसशील. पुढील निवेदन त्या स्मरणाच्या प्रकाशात वाचावे.

आपल्या जिल्ह्यातील सर्दी, ज्वर आणि कास यांच्या ऋतुकालीन संचाराचा मागोवा घेण्याचे महत्कार्य आरोग्य कार्यालयाने माझ्या शिरावर ठेविले आहे, हे तू जाणतेसच. दर सोमवारी मी गावोगावच्या काही कुटुंबांना फोन करतो, घरात कोणी खोकते काय, कोणास ताप आहे काय, अशी पृच्छा करतो, आणि उत्तरांनुसार जिल्ह्याचा नकाशा हिरवा, पिवळा वा तांबडा रंगवितो. (शाळेत माझ्या रंगकामास कोणी उत्तेजन दिले नाही, नियतीने उशिरा न्याय केला.) नियम एकच : लोक सांगतील तेच लिहावे, निरीक्षकाने स्वतःचे तर्क लढवू नयेत.

हा नियम करणारा सद्गृहस्थ सँडविकमध्ये कधी राहिलेला नसावा. कॅनडात रुजलेल्या आपल्या आइसलँडी कुळातला मनुष्य बर्फ फुटून कमरेइतका पाण्यात गेला, तरी काठावरच्याला 'तक्रार करण्यासारखं काही नाही' असेच सांगतो. परिणामी उत्तरेची गावे पिवळी, दक्षिणेची तांबडी, आणि मध्ये आपले सँडविक पाचूसारखे हिरवेगार! मागल्या सोमवारी गिस्ली आरासन (तोच, ज्याने तुझ्यावरील प्रीतीपोटी जिवंत मासा नजर केला होता) फोनवर असा खोकला की मला फोन हातभर दूर धरावा लागला.

"गिस्लीदादा, खोकला आहे का घरात?"

"खोकला? छे रे! शेगडी धुरतेय."

त्याच्या शेजारणीचीही शेगडी धुरत होती. पाद्रीबुवांची धुरत होती. त्या आठवड्यात गावातील यच्चयावत शेगड्यांनी जणू कट केला होता. मी ही शंका आमच्या प्रमुख श्रीमती प्रोकोपचुक यांच्या कानी घातली.

"खोकला असं म्हणालं का कुणी?"

"नाही, बाई."

"मग हिरवा. शेगड्यांचा रंग आपल्याकडे नाही, थोरवाल्ड."

इतके होऊनही मी मौन धरले असते. परंतु येत्या शनिवारी थोराब्लोतचे, आपल्या भरहिवाळ्यातील सणाचे, भोजन होते. वृद्धांना बाहेर नेणे नको, म्हणून ते वृद्धनिवासाच्याच भोजनगृहात होते, आणि नकाशात गाव हिरवे असले की दार सर्वांना उघडे. अवघे गाव वाळविलेले मासे आणि धुरी दिलेले कोकराचे मांस घेऊन आत शिरणार, आणि पुरुषांचा गायकवृंद आईच्या खुर्चीपासून दोन हातांवर उभा राहून छातीतील सर्व वायू तिच्या दिशेने सोडणार. मी तालमीस हजर होतो. खर्जातला एकही गायक कडव्याच्या अंतापर्यंत पोहोचला नाही. आणि ताई, आई त्या भोजनात म्हणावयाचे आपले कडवे शरद ऋतूपासून घोकीत आहे.

तालमीचे फळ मला रविवारी मिळाले. काल, सोमवारी, अंथरुणातूनच फोन सुरू केले. यादीत आमचेही घर आहे (सौ. हर्डिसने नाव दिले होते), आणि नियम तो नियम, म्हणून शयनगृहातून स्वयंपाकघरात फोन लावला.

"घरात कोणी खोकतं का?"

"नाही."

"हर्डिस, मग रात्रभर खोकत कोण होतं?"

"ते होय? तो खोकला कसला! तुमचं नेहमीचं बोलणंच तसं. सूप निवतंय, उठा."

स्वतःच्या भार्येने मला निरोगी घोषित केले, तेव्हा माझा संयम सुटला. मी स्वहस्ते 'खोकला' या रकान्यात स्वतःस दाखल केले आणि गिस्लीस फोन लावला. या खेपेस प्रश्न न विचारता आधी निवेदन केले : "दादा, मला खोकला आहे, ताप आहे, आणि नाकाविषयी तर बोलूच नये."

पलीकडे गिस्लीने घसा खाकरला.

"तुला? हॅ! तुझ्या खोकल्याला काय खोकला म्हणायचं? माझा ऐक."

ऐकला. त्यानंतर पाद्रीबुवांचा ऐकला, तो त्याहून सरस होता. सँडविकचा माणूस तक्रार करीत नाही. परंतु स्पर्धेत मागे राहणे त्यास मुळीच सहन होत नाही. सायंकाळपर्यंत नकाशात आपले गाव रक्तवर्ण झाले आणि भोजन रद्द झाले. गायकवृंद माझे नावही उच्चारीत नाही असे कळते. (उच्चारू गेल्यास ठसका लागतो, हेही कारण असेल.)

आईने आज सकाळी फोनवरून माझा सत्कार केला : "तुझा बाप अंगात ताप घेऊन जाळी ओढायचा, आणि तू गावभर फोन करून रडतोस? भित्रा कुठला!" मी नतमस्तक होऊन ऐकून घेतले.

भावजींस नमस्कार सांगावा.

तुझा आज्ञाधारक (आणि सध्या बहिष्कृत) बंधू,
थोरवाल्ड

ता. क. तुझ्या हातच्या आलुबुखाराच्या थरांच्या केकाची आईने चौकशी केली आहे. एखादा तयार असल्यास उत्तम.

पुन्हा ता. क. वरील सर्व सत्य आहे, पण पत्राचे कारण ते नव्हे. मला भित्रा म्हणून झाल्यावर आई दोनदा खोकली. मी विचारले. म्हणाली, "काही नाही रे, शेगडी धुरतेय."

ताई, वृद्धनिवासात शेगडी नाही.

परिचारिकांना मी तत्क्षणी कळविले. डॉक्टर येऊन गेले, औषध चालू झाले. अशा वेळी एका निरोगी नातलगास आत सोडतात, आणि आपल्या घरात ती पात्रता आता केवळ तुझी आहे. तुला फोन केला नाही, कारण तू 'आई बरी आहे ना?' असे विचारले असतेस, आणि माझ्या तोंडून सवयीने तेच सँडविकी उत्तर गेले असते. म्हणून प्रोकोपचुकबाई स्वतः हे पत्र तुझ्या हाती देत आहेत. त्यांच्याच गाडीत बस. केक नसला तरी चालेल.

मी तिच्या खिडकीबाहेर मोटारीत बसलेला असेन. ती माझी प्रकृती विचारील. तिला सांग, तक्रार करण्यासारखं काही नाही.