रुआबांध्याचा माझा अर्धा डाव

मी, लहानू धोंडबाजी सेलोकर, राहणार मोहन नगर, दुर्ग, मूळ गाव तुमसरजवळ, वय साठीच्या आसपास (आई सांगायची की मी पुराच्या साली झालो, पण पूर आमच्याकडे दर दोन सालांनी येतो), रेल्वेतून गँगमेट (रूळ सांभाळणाऱ्या टोळीचा मुकादम) म्हणून निवृत्त, शिक्षण मराठी चौथी, तेही परीक्षेच्या दिवशी ताप आल्यामुळे अर्धे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी मला दारू पाजलेली नाही की धमकी दिलेली नाही. धमकी देऊ शकेल असे घरात एकच माणूस आहे, ते माझ्या शेजारी मिरच्यांचे देठ काढत बसले आहे आणि अजून काही बोललेले नाही.

लिहिण्याचे कारण असे की परवा सोमवारी मला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला नेणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. मी तीस पावसाळे रुळांवर घालवले आहेत. किरकोळ म्हणून सैल सोडलेली रुळाची चावी, म्हणजे पाचर, हीच गाडी पाडते, हे मला माहीत आहे. शिवाय ते गुंगीचे औषध नाकाशी धरणार. त्यातून माणूस उठलाच नाही तर विचारायचे कोणाला?

कलम एक. मोहन नगरातले दोन खोल्यांचे घर माझ्या पश्चात माझी पत्नी अंजनाबाई हिचे. मुलाने व सुनेने तिला त्यातून हलवू नये. मागच्या दाराची कडी लावल्यावर दार एकदा ओढून पाहावे. मग पुन्हा एकदा पाहावे.

कलम दोन. पोस्टातली शिल्लक अंजनाबाईची. पितळी हंडा मुलगी वसुंधरा हिला गोंदियाला पोचवावा. गाडीत तो खाली ठेवू नये, लोक पाय ठेवतात.

कलम तीन. रुळाच्या चाव्या ठोकायचा माझा लांब दांड्याचा हातोडा मुलगा कृष्णा याला. तो भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल मिलमध्ये आहे. रूळ तो बनवतो आणि घट्ट मी ठेवले, म्हणून त्याने हातोड्याला हसू नये.

कलम चार. माझा चुलत भाऊ मारोतराव याने माझी छत्री नेली आहे. ती मी त्यालाच देतो. निदान मी मेल्यावर तरी ती त्याच्याकडे हक्काने राहील.

कलम पाच. आता मुख्य गोष्ट. रुआबांध्याला रेल्वे लाइनला लागून माझी जमिनीची एक पट्टी आहे. कारखान्यासाठी आजूबाजूची शेते गेली तेव्हा ही तेवढी उरली होती. एका धानवाल्या शेतकऱ्याने ती मला विकली. म्हातारपणी तिथे घर बांधू असे मनात होते. पण घराच्या आधी तिथे क्रिकेट आले. आम्ही रेल्वेवाले एका बाजूला, कारखान्यातली पोरे दुसऱ्या बाजूला, दर रविवारी. दगडी रोलर आमच्याच गँगने ओढला. ती माती इतकी बसली आहे की आता तिथे गवतही विचार करून उगवते.

कृष्णाला ही जमीन कोळशाच्या डेपोला द्यायची आहे. तो म्हणतो, "बाबूजी, वहाँ कुछ उगता तो है नहीं, मंग ठेवून का करता?" त्याचे चुकत नाही. म्हणूनच मला काळजी आहे.

या मैदानाची एक वहिवाट कोर्टाने समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. कारखाना काही रविवार पाळत नाही. खेळता खेळता पाळीचा भोंगा वाजतो आणि बॅट हातात असलेला माणूस ड्यूटीवर पळतो. सुरुवातीला यावरून फार भांडणे झाली. मग ठरले की भोंगा वाजला तर जाणाऱ्याने आपला वारस नेमावा. वारसाने त्याच जागी उभे राहावे आणि जाणाऱ्याचे रन आपल्या नावावर घेऊन पुढे खेळावे. मात्र आउट झालेल्याला वारस नाही. त्याचे काही शिल्लकच नसते.

दुसरी वहिवाट झेंड्यांची. अंपायर माझा मित्र केवलराम निखाडे, रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन. आम्ही एकाच दिवशी रेल्वेत लागलो, एका खोलीत राहिलो, एका तव्यावर भाकरी भाजल्या. भिलाईला दहा मुलखांची माणसे आलेली. बोट वर केले तर पंजाबी एक समजायचा, मद्रासी दुसरे. केवलरामने आपल्या ड्यूटीच्या झेंड्या आणल्या. हिरवी म्हणजे खेळा, लाल म्हणजे आउट. त्यानंतर कोणी भांडले नाही. लाल झेंडीशी कोण भांडतो?

कलम सहा. गेल्या हिवाळ्यातला तो रविवार. मी बॅटिंग करत होतो. बॉल टाकत होता माझाच मुलगा कृष्णा, कारण तो कारखान्याच्या बाजूचा. मी चांगला जमलो होतो, हे दोन्ही बाजूंनी मान्य आहे. एक बॉल माझ्या पायाला लागला. तो स्टंपच्या बाहेर चालला होता. कृष्णा ओरडला. बापावर असे ओरडणे मी त्याला शिकवलेले नाही. आणि केवलरामने लाल झेंडी वर केली.

त्याच वेळी राजहऱ्याच्या खाणीकडून लोखंडी दगडाची मालगाडी वळणावर आली होती. ड्रायव्हरने लाल झेंडी पाहिली आणि ब्रेक मारला. मागचे डबे एकमेकांवर आदळत आदळत शेवटी गाडी मैदानापाशी उभी राहिली. ड्रायव्हर उतरून आला. त्याने विचारले, लाल कशासाठी? भैयालाल साहू, दोन्ही बाजूंचा विकेटकीपर, रुआबांध्यात किराणा दुकान चालवतो. खरे बोलणारा माणूस आहे, त्यामुळे दुकान फारसे चालत नाही. तो म्हणाला, "सेलोकर आउट हो गया, साहब."

केवलरामचा चेहरा चुन्यासारखा झाला. पण डोके चालले. तो म्हणाला, "भैंस थी. लाइन पे भैंस थी."

पुढे इन्स्पेक्टरची चौकशी लागली. कारखान्याचा माल अडवणे म्हणजे खेळ नाही. केवलरामने लिहून दिले की लाइनवर म्हैस होती म्हणून लाल झेंडी दाखवली. तो तुकडा माझ्या गँगचा, म्हणून मलाही विचारले. मी सांगितले, होती. काळी होती. एक शिंग मोडलेले होते. शिंगाचे मला कोणी विचारले नव्हते, पण घाबरलो की मी जास्त बोलतो. गावातल्या दोघांनी लगेच अर्ज केला की ती म्हैस आमचीच, हरवली आहे, रेल्वेने शोधून द्यावी. प्रकरण मिटले. केवलरामची नोकरी राहिली.

मी येथे पुन्हा लिहितो की म्हैस होती. हा कागद उद्या कोर्टात जाईल. केवलराम अजून नोकरीत आहे आणि त्याच्या पेन्शनला या कागदावरून कोणी हात लावू नये. होती म्हणजे होती.

पण मग माझा मुद्दा सरळ आहे. झेंडी म्हशीसाठी होती, तर माझ्यासाठी नव्हती. एक झेंडी दोघांना आउट करत नाही. म्हणजे मी नॉट आउट आहे. हे मी पुढच्या रविवारी केवलरामला मैदानावर सांगितले. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "कोणती म्हैस बे? तू सरळ आउट होता." इन्स्पेक्टरसमोर म्हैस आणि मैदानावर नाही. मी म्हणालो, एक तर म्हैस ठेव, नाहीतर मला ठेव. तो झेंड्या गुंडाळून निघून गेला.

त्या हिवाळ्यापासून आमचे बोलणे बंद आहे. त्याची बायको सत्यभामा आणि अंजनाबाई यांचे लोणच्याचे येणे-जाणे मात्र चालू आहे, आणि बरणीबरोबर बातम्याही येतात. केवलरामनंतर मैदानावर अंपायर टिकला नाही. हिवाळ्यात दोनदा मारामारी झाली. पोरे हळूहळू सिनेमाला जायला लागली. अशीच पट्टी ओस पडली की कृष्णाला डेपो टाकायला कोण अडवणार? मी असेपर्यंत अडवीन. गुंगीतून उठलो नाही तर?

कलम सात. म्हणून मी असे ठरवतो. पट्टी कृष्णाची. पण केवलराम निखाडे याने मैदानावर येऊन, चारचौघांत, फक्त एवढे म्हणावे की म्हैस होती. आणि दर रविवारी झेंड्या घेऊन उभे राहावे. तो उभा राहील तोपर्यंत त्या पट्टीवर क्रिकेटशिवाय काहीही होऊ नये. तो आला नाही तर कृष्णाने खुशाल कोळशाचा डेपो टाकावा. केवलरामचे क्वार्टर लाइनच्या पलीकडे आहे आणि उन्हाळ्यात वारा तिकडेच जातो. सत्यभामावहिनीच्या पापडांवर जी काळी बुकणी बसेल, तिचा जाब तिने आपल्या नवऱ्याला विचारावा.

कलम आठ. माझा त्या दिवशीचा डाव अपुरा आहे. मैदानाच्या वहिवाटीप्रमाणे तो मला वारसाला देता येतो. कृष्णाला देत नाही, तो विरुद्ध बाजूचा आहे आणि ओरडतो. मी तो डाव, त्यातल्या सर्व रनांसह, माझी पत्नी अंजनाबाई हिला देतो. तिने पदर खोचून माझ्या जागी उभे राहावे. केवलराम तिला वहिनी म्हणतो आणि आजवर तिच्यासमोर त्याने कधी मान वर केलेली नाही. तिला लाल झेंडी दाखवायची त्याची हिंमत आहे का, हे मला वरून पाहायचे आहे.

येथपर्यंत शनिवारी लिहिले. पुढचे रविवारी सकाळी लिहितो, शाई दुसरी आहे म्हणून कोणी शंका घेऊ नये. साक्षीदार म्हणून मी भैयालाल आणि शेजारचे भाऊराव यांना बोलावले होते. आठवे कलम मी अंजनाबाईला वाचून दाखवले, तेव्हा ती मिरच्यांचे सूप बाजूला ठेवून उठली. म्हणाली, "मले नोको तुमचा डाव. साक्षीले भाऊराव कायले पाहिजे? ज्याले आणाचं त्याले आणते." आणि चपला घालून गेली. मला वाटले सत्यभामेकडे रडायला गेली. ती केवलरामला घेऊन आली. तो दारात उभा राहिला, ड्यूटीच्या कपड्यांत, काखेत काहीतरी गुंडाळलेले.

बोलणे त्याने बंद केले होते, सुरू त्यानेच करायचे.

तो म्हणाला, "काय बे लहान्या, मरून राहिला का खरंच?"

मी म्हणालो, हर्निया आहे.

"मंग एवढे कागद कायले काळे केले?"

मी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने उभ्यानेच वाचला. केवलरामला वाचताना ओठ हलवायची सवय आहे, त्यामुळे तो कुठे पोचला ते मला कळत होते. छत्रीशी हसला. म्हशीशी थांबला. पापडांशी माझ्याकडे एकदा बघितले. आठव्या कलमाला त्याने अंजनाबाईकडे पाहिले आणि लगेच मान खाली घातली.

अंजनाबाई म्हणाली, "भाऊजी, याहिले सांगा काही. रातभर झोपले नाही. ऑपरेशनले नाही घाबरून राहिले, मैदानाले घाबरून राहिले."

केवलरामने भाऊरावांच्या जागी साक्षीदार म्हणून सही करायला भैयालालकडे दौत मागितली. मी त्याला सांगितले की साक्षीदाराने फक्त माझी सही पाहायची असते, कागदातल्या मजकुराशी त्याचा संबंध नसतो, दुर्गच्या कचेरीतला अर्जनवीस असेच म्हणाला होता. तो म्हणाला, "अंपायर मी हाय की अर्जनवीस?" म्हणून त्याने खाली जे लिहिले आहे ते मी खोडलेले नाही. कोर्टाने ते चालवून घ्यावे. भैयालालनेही दोन ओळी जास्त लिहिल्या आहेत, त्याही चालवून घ्याव्यात.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही करून पुरे केले. शाई वाळेपर्यंत घडी घालू नये.

स्थळ : मोहन नगर, दुर्ग
दिनांक : रविवार, १२ डिसेंबर १९६५

(सही) लहानू धोंडबाजी सेलोकर

साक्षीदार पहिला :
सही माझ्यासमोर झाली. त्या दिवशी मी स्टंपच्या मागे होतो व मला सगळे दिसले होते, पण मला कोणी विचारू नये. मला दोघांनाही उधारीवर माल द्यावा लागतो.
(सही) भैयालाल साहू, किराणा दुकान, रुआबांधा

साक्षीदार दुसरा :
सही माझ्यासमोर झाली. करणारा शुद्धीत आहे, नेहमी असतो तितका. कलम आठ अंपायर म्हणून नामंजूर. भोंगा वाजलेला नाही, म्हणून वारस नेमता येत नाही. वहिनींना उन्हात उभे करू नये. खेळाडूने नागपूरहून परत यावे, टाके सुकू द्यावेत आणि रविवारी आपल्या जागी स्वतः उभे राहावे. तोवर पोरांचे खेळ मी बघतो. आजच निघालो आहे, झेंड्या बरोबर आहेत. मैदानावर चारचौघांत सांगायचे ते सांगीनच, पण येथेही लिहून ठेवतो.
म्हैस होती.
(सही) केवलराम निखाडे, पॉइंट्समन