बिनसाखरेचा चहा

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे या वयात जितकं असावं तितके. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, मी कुरकुरतो, आणि शेजारच्यांचं कुत्रं आमच्या दोघांवर भुंकतं.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. सकाळी मी निरोप पाठवला, "लॅपटॉप बंद ठेव, कारण पत्रात." तू उलट नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलंस. हे त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर. फोनवर माझं काय होतं तुला ठाऊक आहे. तू "खरं सांग" म्हणालीस की मी विनोद करतो, तू हसतेस आणि विषय मिटतो. कागदावर तुझं हसू ऐकू येत नाही, तेवढाच धाक.

तर आधी कामाचं. लॅपटॉप पुन्हा चालू करून बघू नकोस. "एवढा छान चालतोय की" हे तर म्हणूच नकोस. चार्जरला लावू नकोस. चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे ने, उघडून आतून धुऊन घे, आणि शाळेच्या इमारतीचे तुझे नकाशे आधी दुसरीकडे काढून ठेवायला सांग. तू म्हणशील, चहाच्या दोन थेंबांसाठी एवढं? चिमणे, दोन थेंब नव्हते. अख्खा मग होता.

मला कसं माहीत, त्याकडे येतो.

बाबा बरे आहेत. शनिवारी डॉक्टरांकडे जायचंय म्हणून परीक्षेला बसल्यासारखी तयारी चालली आहे. कुणीतरी त्यांना सांगितलंय की तिथे वार उलटे म्हणायला लावतात. सकाळपासून गॅलरीत सुरू असतात, "शनिवार, शुक्रवार, गुरुवार..." बुधवारपाशी थांबून माझ्याकडे बघतात. मी मान डोलावली की पुढे सरकतात. शर्ट इस्त्री करून आजच टांगून ठेवलाय.

तू सांगितल्यापासून गॅसला हात लावत नाहीत. निवृत्त झाल्यापासून चारचा चहा त्यांचा होता. आमचा साखरेचा, त्यांचा बिनसाखरेचा, आणि कुणी "मला नको" म्हटलं तर दिवसभर तोंड फुगवून बसायचे. आता चार वाजता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात. काय हवंय विचारलं तर म्हणतात, "काही नाही, पाणी प्यायला आलो." कप अर्धाच भरून मागतात. दोन्ही हातांनी धरतात.

येतो, येतो. फिरून फिरून तिथेच येतोय.

तू इथे राहायला आली होतीस तेव्हा एक दिवस कामासाठी बाहेर गेली होतीस. माझा लॅपटॉप उघडेपर्यंत माणसाचा विचार बदलतो, म्हणून तुझा घेतला. "दादा, माझ्या मशीनला हात लावायचा नाही" हे तुझं वाक्य कानात होतं, पण पेपरला रविवारचा लेख द्यायचा होता. विषय काय, तर चूक आपली आणि खापर दुसऱ्याच्या डोक्यावर. हसू नकोस. फार छान उतरला होता. शेवटचं वाक्य सुचलं, आनंदाने हात उडवला आणि मगाला लागला. चहा बटणांवर पसरला आणि बघता बघता दिसेनासा झाला. लॅपटॉप प्यायला म्हण ना.

शहाण्याने त्या क्षणी तो बंद करून उलटा धरला असता. मी आधी लेख पाठवला. मग लॅपटॉप पुसला. मग वहिनीचा केस वाळवायचा ड्रायर मारला, मग तांदळाच्या डब्यात खुपसला. शेवटी बाहेर काढून चालू केला, चालला, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

संध्याकाळी तू ओरडलीस, "बटणं चिकटतायत! कुणी काय सांडलं इथे?" बाबा हातात कप घेऊन तुझ्या टेबलाशीच उभे होते. हात थरथरत होता, रोजच्यासारखा. मी एक शब्दही खोटा बोललो नाही, चिमणे. मी फक्त त्यांच्या हाताकडे पाहिलं. तूही पाहिलंस. आणि बाबा म्हणाले, "मीच असेन गं. आठवत नाही, पण मीच असेन."

तुझा चेहरा उतरला. सांडल्याचं तुला काहीच नव्हतं, ते "आठवत नाही" तुला लागलं. तिथून पुढे तो डॉक्टर, तो गॅस, सगळं. मला दहा वेळा बोलता आलं असतं. मी दहा वेळा चष्मा पुसला.

परवा वहिनीने तांदूळ निवडताना विचारलं, "याला चहाचा वास कसा?" मग माझ्याकडे पाहिलं. कळायला तिला तेवढं पुरतं. "सांगता, की मी सांगू?"

म्हणून काल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. म्हटलं, एका मित्राच्या लॅपटॉपवर चहा सांडलाय.

"मित्र साखर किती घेतो?" मान वर न करता तो म्हणाला.

"दोन चमचे."

"मग मित्राला सांगा, पाणी वाळतं, साखर आणि दूध आतच राहतं. दमट हवेत ओल धरतं, वरून वीज वाहते, तांब्याला हिरवं चढतं. महिनाभर चालेल झकास. मग एका सकाळी चालणार नाही."

साखर ऐकून माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांचा चहा बिनसाखरेचा! तो सांडला असता तर तुझी बटणं तशी चिकटलीच नसती. पुरावा पहिल्या दिवसापासून तुझ्या बोटांखाली होता.

आज दुपारी बाबांसमोर बसलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"मला बरं वाटावं म्हणून अंगावर घेतोयस होय रे?"

"बाबा, खरंच मी सांडला. तुमच्या चहात साखर असते का? मग बटणं चिकटली कशी?"

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग मी चोरून घातली असेल. बघ, तेही आठवत नाही."



हात थरथरतो त्यासाठी डॉक्टरांना जरूर दाखवू. पण न केलेल्या गोष्टीचा विसर पडला म्हणून शनिवारी तो शर्ट घालून त्यांनी तिथे बसू नये. माझं ते ऐकत नाहीत. तुझं ऐकतील. लॅपटॉप उघडला की आतला चिकट थर त्यांना फोटोत दाखव आणि कुणाचा ते स्पष्ट सांग. आणि चार वाजता फोन करून विचार, "बाबा, आज चहा कुणी केला?" वहिनीने केला म्हणाले, तर रागाव त्यांच्यावर. जुन्यासारखी रागाव.

मला शिव्या द्यायच्या असतील तर सवडीने दे. आधी त्यांना फोन.

मग सांडणारा आणि वर नुसता बघत राहणारा,
तुझा दादा