पाच हिवाळ्यांचं जॅकेट

३ ऑक्टोबर

त्याची निवड झाली. जेवताना सांगितलं — मीठ दे म्हणावं तसं. बर्फातलं हवामान केंद्र. आधी विमान, मग गाडी, मग बोट. इथे जी यंत्रं दुरुस्त करतो तीच तिथे करायची. दोन वर्षं.

आईंनी आधी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, म्हणजे सुनेकडे, मग ताटाकडे. "थंडी असेल रे तिकडे," एवढंच म्हणाल्या.

मी भांडी घासत बसले. स्वच्छ भांडीसुद्धा घासली.

५ ऑक्टोबर

भिंगरीला जाऊन दीड वर्ष झालं. इथे लिहून ठेवते, कारण या घरात बोलायची सोय नाही. आमची ही पोर कधी सरळ चालायचीच नाही, गरगर फिरत खोलीतून खोलीत जायची, म्हणून भिंगरी. नऊ वर्षांची. ताप आला, तो मेंदूत गेला — आठवडाभरात सगळं आटोपलं.

तेव्हापासून त्याने तिचं नाव घेतलेलं नाही. मी घेतलं की उठतो. नळ आवळतो, बिजागरीला तेल घालतो, पंख्याची पाती पुसतो. आता आमच्या घरात एकही नळ गळत नाही, एकही दार कुरकुरत नाही. इतकं चांगल्या स्थितीतलं घर मी दुसरं बघितलेलं नाही. नकोसं झालंय.

८ ऑक्टोबर

आतले कपडे, बूट, हातमोजे सगळं कंपनी देते. वरचं जॅकेट मात्र आपल्या पसंतीने घ्यायचं, बिल कंपनीला पाठवायचं. तीन मोठ्या कंपन्यांची नावं दिलीत, त्यातलंच एक हवं.

आज सकाळी बूट घालता घालता म्हणाला, "तू येशील का बरोबर? मला त्यातलं काही कळत नाही."

कितीतरी दिवसांनी त्याने माझ्याकडे काही मागितलं. हो म्हटलं. मग दुपारभर कामावर, चष्म्यांच्या दुकानात, काचा बसवताना गुणगुणत होते. मालकांनी वर बघितलं तेव्हा लक्षात आलं. लाजच वाटली! नवरा लांब जाणार आणि ही बया खरेदीच्या आनंदात.

१० ऑक्टोबर

सगळा अभ्यास केलाय. या कंपन्यांची नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून माझी मीच ठेवली.

बिल्लेवाली — दंडावर गोल बिल्ला, टोपीला फरची झालर, आत बदकाची पिसं. शहरातले श्रीमंत लोक ही घालून कॉफी प्यायला जातात. पण म्हणे उबदार खरंच आहे.

पाखरू — डोंगर चढणाऱ्यांचं. इतकं हलकं की घडी करून मुठीत मावतं. दिसायला झकास.

खलाशी — उत्तरेकडच्या मासेमारी बोटींवर काम करणाऱ्यांसाठी बनवतात. जाड, ताठ, रंग चिखलाचा. बघूनच वाटतं, हे जॅकेट कुणाशी हसून बोलणार नाही.

किमती बघून आई म्हणाल्या, "एवढ्यात तर मी बर्फच विकत घेईन."

११ ऑक्टोबर

दुकान कसलं, एखादं मोठं हॉटेल वाटावं! जॅकेटं एकेकटी टांगलेली, प्रत्येकावर स्वतंत्र दिवा. विकणारी बाई निळ्या फ्रेमचा चष्मा लावलेली, बोलणं मऊ. (फ्रेम नाकावर घसरत होती. मी तिथल्या तिथे दांड्या नीट करून दिल्या. तेव्हापासून आमच्यावर खूश.)

आधी बिल्लेवाली. त्याने घातली, चेन लावली, टोपी ओढली — आणि आतून फक्त नाक दिसायला लागलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, गादीला हातपाय फुटले!"

तो हसला.

हसला! मान मागे टाकून, जुन्यासारखा. मग हात पसरून त्या आरशांच्या मधोमध डुलत डुलत चालला. निळ्या चष्म्याची बाईही हसायला लागली. मला पोट धरून बसावं लागलं. डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचंच होतं, असं मी धरून चालले.

ठरलं काहीच नाही. "पुन्हा येऊ," तो म्हणाला. येताना माझी पिशवी त्याने घेतली.

१२ ऑक्टोबर

आज आरशासमोर उभं राहून केस विंचरले. नीट, भांग पाडून.

१५ ऑक्टोबर

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

दुकानात मागच्या बाजूला एक थंड खोली आहे. काचेची भिंत, आत खऱ्या बर्फाच्या लाद्या, एक लाकडी बाक. गिऱ्हाइकाने जॅकेट घालून आत बसायचं आणि स्वतः अनुभव घ्यायचा. बाईने मलाही एक जॅकेट दिलं. आम्ही दोघं बाकावर बसलो, श्वासाची वाफ सोडत. त्याच्या अंगावर पाखरू, माझ्या अंगावर बिल्लेवाली. गुडघ्याला गुडघा लागत होता. ना त्याने काढला, ना मी.

"इथे बरं वाटतं," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरणार होते. खरंच धरणार होते. तेवढ्यात बाई आत आली, पाखराच्या शिवणीवर बोट ठेवून म्हणाली, "एक सांगून ठेवते. डोंगरासाठी हे उत्तम. पण खाऱ्या वाऱ्यात, रोजच्या कामात, दोन हिवाळे काढेल. पुढे कापड विरतं. तुम्हाला किती हिवाळ्यांसाठी हवंय?"

"पाच," तो म्हणाला.

पटकन म्हणाला. विचार न करता.

मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की आपण काय बोललो.

बाई बाहेर गेली. हुशार बाई. मी बर्फाकडे बघत बसले. बाहेर येऊन जॅकेट काढलं तरी काकडतच होते.

१६ ऑक्टोबर

आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोडून आलो आणि घरी येऊन बोललो. बोललो म्हणजे काय — मी विचारलं, तो टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिला.

"मला दोन सांगितलंस."

"पहिला करार दोनचाच आहे."

"आणि पुढचा?"

"पुढचा तीनचाही भरून दिलाय."

"कुणाला विचारून?"

खाली बघत म्हणाला, "इथे मला श्वास घेता येत नाही गं. जिन्यात पाय ठेवला की छातीवर कोणीतरी बसतं."

"आणि मला येतो श्वास? मी काय इथे हवा खायला राहिलेय?"

तो उठला. मी ओरडले, "नळाला हात लावलास तर बघ!"

तो तिथेच उभा राहिला, हात लोंबकळत. त्याने काय करावं ते त्याला सुचेना. मला एकदम इतकी कीव आली त्याची — आणि इतका राग. एकाच वेळी. याला शब्द असेल तर मला माहीत नाही.

"मी वाईट माणूस नाहीये," तो म्हणाला.

नाही. तेच तर. वाईट असता तर सोपं होतं.

१७ ऑक्टोबर

आईंना सांगितलं. डोळ्यांत थेंब घालत होते, त्यांना हलता येत नव्हतं, म्हणून त्याच वेळी सांगितलं. पाच वर्षं, आई.

थेंब गालावर ओघळले. औषधाचे की दुसरे, देव जाणे.

डोळे मिटूनच म्हणाल्या, "तुमची एक पोर गेली. माझी त्या दिवशी तीन माणसं गेली. दोन अजून समोर वावरतात, जेवतात, कामाला जातात." मग चाचपडत माझा हात शोधला. "तो माझा मुलगा आहे म्हणून तू थांबलंच पाहिजेस असं काही नाही हं. मी राहीन माझी. तुला कुठे जायचं असेल तर जा."

कुठे जाणार, आई?

१८ ऑक्टोबर

काही नाही लिहायला.

१९ ऑक्टोबर

दिवसभर एकच विचार. त्याने निवड माझ्यावर सोडलीय. सकाळी म्हणाला, "तू सांगशील ते घेतो." त्याला वाटतं, यानेच माझं समाधान होईल. वेडा!

पाखरू घे म्हटलं तर? हलकं आहे, छान दिसतं, त्यालाही आवडलंय. दोन हिवाळ्यांत विरेल. मग थंडी वाजेल. वाजू दे! थंडी वाजली की माणसाला घर आठवतं. यावंच लागेल.

एका आजोबांच्या चष्म्याची काच बसवता बसवता हा विचार केला आणि काच हातात तडकली. मालक म्हणाले, "ताई, घरी जा आज."

मी नवऱ्याला गारठवायचा बेत करत होते. बसस्टॉपवर बसून हे स्वतःला सांगितलं तेव्हा हसूही आलं आणि रडूही.

२१ ऑक्टोबर

खलाशी.

मी सांगितलं. बाईने खाली काढून दिलं, त्याने घातलं. खांद्यावर नीट बसेना, इतकं ताठ. "जड आहे," तो म्हणाला.

"असू दे. वारा लागणार नाही. हातमोजे घालूनही चेन ओढता येते, बघ." आणि मी पुढे होऊन चेन गळ्यापर्यंत ओढली, कॉलर वर केली, आत अडकलेला त्याचा शर्ट सोडवला. हातांनी आपापलं केलं सगळं. शाळेच्या वेळेला रोज सकाळी हे करायची सवय होती ना त्यांना. मी खाली वाकलेसुद्धा, गालाचा पापा घ्यायला — आणि तिथे कोणी नव्हतं. त्याच्या छातीवरचं बटण होतं.

त्याने बघितलं. त्याला कळलं. मान वळवून आरशाकडे तोंड केलं, पण आरशात तर सगळं दिसतंच.

बाईने विचारलं, "बांधून देऊ?"

मी मान हलवली. तिनेच बांधलं.

२ नोव्हेंबर

गेला. टॅक्सीत बसताना आईंच्या पाया पडला. माझ्यासमोर उभा राहिला. "जातो" म्हणाला. येतो नाही — जातो. आई जवळच होत्या, पण आज त्यांनीही त्याला सुधारलं नाही.

३ नोव्हेंबर

जेवायला तीन ताटं घेतली. एक परत ठेवलं. पूर्वी चार घ्यायचे, तेही सुटलं होतं. हेही सुटेल.

६ नोव्हेंबर

आईंनी आज भिंगरीचं कपाट उघडलं. मला न विचारता. फ्रॉक बाहेर काढून पलंगावर मांडले. "ऊन दाखवायला हवं," म्हणाल्या. मग आम्ही दोघी तिथेच बसलो आणि बोललो. ती आंघोळीला कशी दांडी मारायची, शाळेच्या बाईंची नक्कल कशी करायची. आईंनीही ती नक्कल केली. पदर खोचून, एक भुवई वर करून! हसलो. रडलो. संध्याकाळी अंग दुखत होतं, ओझं वाहिल्यासारखं.

तो असता तर हे झालं नसतं. हे लिहिताना फार वाईट वाटतंय.

९ नोव्हेंबर

बोट आज निघणार होती. एकदा निघाली की आठवडाभर फोन नाही, असं त्याने सांगून ठेवलंय. म्हणजे आता नाहीच.

चष्म्यांच्या दुकानात एका गिऱ्हाईक बाईने विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, मी आणि माझ्या सासूबाई. सरळ म्हणता आलं. म्हणून झाल्यावर आत जाऊन पाणी प्यायले.

१३ नोव्हेंबर

सकाळी फोन. बंदरावरच्या लॉजमधून. बोट गेली, तो चढलाच नाही. बोटीवर चढायच्या फळीपर्यंत गेला, सामान वर पोचलं, तो खाली राहिला. तेव्हापासून त्या खोलीत आहे.

"पुढे जाववत नाही," म्हणाला, "आणि मागे यायला तोंड नाही." मग — "भिंगरी." एवढंच. पुन्हा, "भिंगरी." आणि असा रडला, असा रडला, की फोन कानापासून लांब धरावा लागला. आईंना स्वयंपाकघरात ऐकू गेलं. त्यांनी गॅस बंद केला आणि माझी बॅग काढायला घेतली.

मी म्हटलं, "तिथेच थांब. कुठे जाऊ नकोस. मी निघाले."